पाठ वाकव, कोपर आत

[ड्रोन. पहाट. धुक्याखालून अंजुणे धरणाचं पाणी हळूहळू दिसू लागतं.]

हा चोर्ला घाट. वर सुर्ला, पायथ्याशी केरी, आणि मधे सत्तरीच्या रानातून उतरत जाणारी वळणं. बेळगावहून गोव्यात येणारे ट्रक याच रस्त्यानं येतात. त्यांची वर्दळ वाढायच्या आत हे सात सायकलस्वार वर पोचलेत.

ते वर कसे चढले, हे आम्ही दाखवणार नाही. चढावर घाम गाळणाऱ्या माणसांचे व्हिडिओ भरपूर आहेत. चढ कसा मारायचा ते सगळे शिकवतात. उतार मात्र ज्यानं त्यानं आपापला शिकायचा, बहुतेक वेळा गुडघे सोलून.

[समोरून, लांबची लेन्स. निळी जर्सी वळणाबाहेर येते.]

या निळ्या जर्सीकडे बघा. पाय थांबलेत, दोन्ही पेडल एका पातळीत आहेत, तरी वेग वाढतोच आहे. आता तो हात हँडलच्या खालच्या वाकात नेतो. कोपर आत घेतो. गुडघे दांडीला जवळजवळ चिकटतात. पाठ सपाट होते, हनुवटी खाली येते, नजर मात्र रस्त्यावरच. दोन बोटं ब्रेकवर आहेत. ही दोन बोटं लक्षात ठेवा.

[तेच दृश्य, संथ गतीत.]

उतारावर सायकल ओढते ती गुरुत्वाकर्षणानं आणि अडवते ती मुख्यतः हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा अडसर चौपट होतो. म्हणून एका ठरावीक वेगाला दोन्ही बाजूंचा जोर सारखा होतो आणि काटा तिथेच थांबतो. हिशेब करून बघू. रस्ता शंभर मीटरला ८ मीटर उतरतोय, सायकल आणि माणूस मिळून ८० किलो. ताठ बसलात तर काटा ताशी ५० किलोमीटरच्या आसपास अडकतो. निळ्या जर्सीसारखं अंग चेपलंत तर ७०. रस्ता तोच, सायकल तीच, पेडल एकदाही मारलेलं नाही.

[शेवटून दुसरा रायडर, जॅकेट फडफडतंय.]

आणि हे जॅकेट. चेन उघडी राहिली की पाठीवर शीड उभारल्यासारखंच. या दादांना तसं फारसं बिघडत नाही म्हणा, कारण गटात सगळ्यांत वजनदार तेच. वजन वाढतं त्या मानानं छाती रुंदावत नाही, म्हणून चढावर सगळ्यांच्या मागे पोचलेला माणूस उतारावर सगळ्यांच्या पुढे निघतो. चहाच्या टपरीवर याच्यावरून रोज चिडवाचिडवी होते.

[केरी गाव. पदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, मागे पावांची टोपली, भोंगा: पों पों.]

हवेशी सगळ्यांत जुनी ओळख असलेला सायकलस्वार खरं तर हा. पाठ ताठ, मागे टोपली, वर निळं प्लॅस्टिक. हवेला अंगावर घेण्यात याचा हात कुणी धरणार नाही. याला घाईही नाही. उंडे, म्हणजे गोल पाव, गरम असेपर्यंत पोचलं की झालं.

[फोनवरचं जुनं चित्रण, हलतं. एक रायडर सीट सोडून दांडीवर बसलाय.]

हे दोन वर्षांपूर्वीचं. लहानपणी वडिलांनी बाजारात नेलं तेव्हा आपण सगळेच दांडीवर बसलोय. पण तेव्हा हँडल वडिलांच्या हातात होतं. शर्यतीत ही बैठक गाजली ती ९ जुलै २०१६ला. टूर द फ्रान्समध्ये पेरसूर्दच्या घाटावरून ब्रिटिश सायकलपटू ख्रिस फ्रूम दांडीवर बसून, वर पेडल मारत उतरला आणि १३ सेकंदांनी टप्पा जिंकला. दुसऱ्या दिवसापासून जगभरच्या घाटांत पोरं दांडीवर.

गंमत पुढेच आहे. बेल्जियन अभियंता बर्ट ब्लॉकन यांच्या गटानं या बैठका संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्या. फ्रूमची बैठक काही सर्वोत्तम निघाली नाही. इतर काही बैठका ७ टक्क्यांपर्यंत वेगवान होत्या, आणि जास्त सुरक्षितही, कारण त्यांत वजन दोन्ही चाकांवर अधिक सारखं पडतं. फ्रूमसारखं पुढे सरकलं की मागचं चाक हलकं होतं. १ एप्रिल २०२१पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघानं शर्यतींत दांडीवर बसण्यावर बंदी घातली. चोर्ल्यात पंच उभा नसतो. म्हणून या गटानं स्वतःच ठरवलंय, बूड सीटवरच राहील.

[वळण. खालून धरलेला कॅमेरा. एकामागोमाग सात सायकली.]

आता वळण. मघाची सपाट पाठ बघा, वळणाच्या आधीच उठली. छाती हवेत उघडली की तीच पहिला ब्रेक होते, फुकटचा. मग दोन बोटं. ७०वरून थांबताना ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा ५०च्या जवळजवळ दुप्पट असते, म्हणून काम सरळ रस्त्यावरच उरकायचं. वळणात शिरल्यावर बाहेरचा पाय खाली, सगळा भार त्या पेडलवर, आणि डोळे वळण जिथे सुटतं तिथे. ज्या खड्ड्याकडे बघाल त्याच खड्ड्यात जाल, हे इथं प्रत्येकाला पाठ आहे.

[पुन्हा तेच वळण. आता रिकामं. कडेला पसरलेली खडी.]

गेल्या पावसाळ्यानंतर याच गटातल्या एकाचं कॉलरबोन इथं मोडलं. खडी होती. आता तो बरा आहे.

[टपरी. वाफाळते ग्लास. हेल्मेट बाकावर.]

मावशी रोज एकच सांगतात, "सवकास रे, पुता." पोरं मान डोलावतात आणि पुन्हा वर निघतात. आज एक नवीन मुलगी आलीय. तिला आधी उभ्या सायकलवर बसवलंय. एकानं सीट धरलीय, दुसरा तिचं कोपर हातानं आत दाबतोय.

[जवळून. तिची दोन बोटं ब्रेकवर.]