खिशातला कांदा आणि सहा द्रव्यं

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याची दुपार आहे, पारा 45 च्या आसपास घुटमळतोय, आणि तुमच्यापैकी निम्मे जण कूलरसमोर पाय पसरून हे ऐकताहेत याची मला खात्री आहे. ऐका तसंच. विषय आहे जैन दर्शनातली सहा द्रव्यं, म्हणजे विश्वाचे सहा मूळ घटक. नावं आधी सांगून टाकतो, म्हणजे मी माझ्या गोष्टीला मोकळा. जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काळ. पुन्हा म्हणतो: जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश, काळ. सगळं विश्व या सहांत आलं. सातवं नाही. आणि ही सहा कुणी घडवलेली नाहीत, ती आहेतच.

आता गोष्ट. मी आठवीत होतो. माझा एक मित्र नागपूरच्या इतवारीत राहायचा. पुढे धान्याचं दुकान, मागे घर. जैन घर. सुट्टीत दुपारी मी तिकडे कॅरम खेळायला जायचो आणि निघताना आई दारात अडवायची, "कांदा घेतला का रे खिशात? नाही तं ऊन लागीन." खिशात कांदा कशाला, हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. डॉक्टर हसतात यावर. हसू द्या. त्यांच्याही आयांनी त्यांच्या खिशात टाकलाच असेल.

पण त्या घरात कांदा, लसूण, बटाटा काहीच शिरत नसे. मला ते ठाऊक होतं, म्हणून मी कांदा चड्डीच्या खिशात खोल दाबायचो आणि वर रुमाल कोंबायचो. त्या दिवशी मित्राचे आजोबा, त्यांना सगळे दादाजी म्हणत, खाली बैठकीवर पोथी वाचत होते. मी पाया पडायला वाकलो आणि रुमालासकट कांदा बाहेर.

शहाबादी फरशी, तिला मोरीकडे उतार. कांदा टप्पकन पडला, एक लाल टरफल मागे सोडून घरंगळत गेला आणि पोथीच्या चौकीपासून वीतभर अंतरावर थांबला. मित्राची काकू पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती तिथेच उभी राहिली. माझे कान तापले.

दादाजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "भैया, हा घरंगळला कशानं?"

"माझी चूक झाली, दादाजी."

"चूक सोड. घरंगळला कशानं?"

"उतार आहे. अन् कांदा गोल आहे."

"बरोबर. मासा पोहतो तो आपल्या ताकदीनं ना? पण पाणीच नसलं तर?"

"नाही पोहणार."

"पाणी माशाला ढकलते का?"

"नाही."

"धर्मद्रव्य तसं. चालणाऱ्याला चालू देते, ढकलत नाही. आता सांग, थांबला कसा? अधर्मद्रव्यानं थांबू दिलं. उन्हातून येताना तू लिंबाखाली थांबतोस. सावली काय तुझा हात धरून ठेवते?"

मग ते बोटं मोजायला लागले. घरंगळायला जागा दिली ती आकाशानं. आज टणक आहे, चार दिवसांनी मोड येईल, नव्याचं जुनं होतं ते काळामुळे. लाल रंग, तिखट चव, हा वास, हात लावला तर गुळगुळीत लागतं ते, हे सगळं पुद्गल. पाच झाली. सहावं बोट त्यांनी तसंच धरून ठेवलं.

मी म्हणालो, "जीव राहिला."

"किती जीव असतील यात?"

"एक?"

"अनंत," दादाजी म्हणाले. "म्हणून तर आमच्या घरात येत नाही हा."

कांद्याचं पुढे काय झालं ते सांगतो, थांबा. जरा विषयाचंही बोलायला हवं, नाहीतर केंद्रावरचे लोक मला पुन्हा बोलावणार नाहीत.

त्यांच्या पुढ्यातली पोथी होती 'द्रव्यसंग्रह', आचार्य नेमिचंद्रांची. अवघ्या 58 प्राकृत गाथा. मासा आणि सावली दोन्ही दाखले त्यातलेच, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्याचं सगळं श्रेय दादाजींना देत होतो. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा: इथे धर्म म्हणजे पुण्य नव्हे, अधर्म म्हणजे पाप नव्हे. धर्म गतीला साहाय्य करतो, अधर्म स्थितीला. दोन्ही लोकाकाशभर, म्हणजे ही सगळी द्रव्यं जिथवर आहेत तेवढ्या आकाशभर, पसरलेले, दोन्ही जड म्हणजे अचेतन, दोघांनाही रंग-रूप नाही. मुक्त झालेला जीव वर वर जातो आणि लोकाच्या टोकाशी थांबतो. का? तर पुढे धर्मद्रव्यच नाही. मोक्षाला गेलेल्यालाही मासा-पाण्याचा नियम चुकत नाही, हे मला फार आवडतं.

काही जण हौसेनं सांगतात की धर्मद्रव्य म्हणजे विज्ञानातला ईथर, प्रकाशाला वाहून नेणारं माध्यम म्हणून मानलेला. कृपा करून असं म्हणू नका. मायकेलसन आणि मोर्ली यांनी 1887 मध्ये तो ईथर शोधला, सापडला नाही, पुढे विज्ञानानं तो सोडून दिला. मग आपण धर्मद्रव्यही सोडायचं का? प्रत्येक जुन्या विचाराला प्रयोगशाळेचा शिक्का कशाला हवा!

आणि सावलीवरून आठवलं. सावली हात धरत नाही हे खरं, पण ती असावी तर लागते. रस्ते सिमेंटचे झाले, कडेचे लिंब गेले. त्या वाटेवर मी आता कुठे थांबू?

असो. काळाबद्दल एक गंमत. तत्त्वार्थसूत्र हा दोन्ही पंथांना मान्य असलेला ग्रंथ; त्याच्या दिगंबर पाठात आहे 'कालश्च', काळही द्रव्य आहे. श्वेतांबर पाठात 'कालश्चेत्येके', म्हणजे काही जण काळालाही द्रव्य म्हणतात. दोन शब्दांचा फरक, पण वाद शेकडो वर्षांचा. दिगंबर म्हणतात, काळाचे अणू रत्नांच्या राशीसारखे सुटे सुटे, एकमेकांत न मिसळणारे. म्हणून बाकीची पाच अस्तिकाय, म्हणजे विस्तार असलेली, आणि काळ तेवढा नाही. पाच अस्तिकाय, सहा द्रव्यं. हा घोळ परीक्षेत नेहमी होतो.

तर, कांदा. दादाजींनी त्याला हात लावला नाही, पण फेकायलाही सांगितलं नाही. म्हणाले, "बाहेर चपलांपाशी ठेव, सावलीत." मी ठेवला आणि कॅरम खेळायला गेलो. त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं व्हायची, त्यामुळे पाचच्या सुमाराला माझी निघायची वेळ झाली. बाहेर अजून रणरण होती. मी चपला घालून तसाच निघालो, तर मागून दादाजींची हाक आली.

"भैया, तुझे अनंत जीव बाहेर बसलेत. ऊन आहे, खिशात घेऊन जा."

नमस्कार.