दहा परस खाली

[दृश्य: गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग. भर दुपारचं ऊन. खालच्या खोलीतून हसण्याचा आवाज.]

नळाला पाणी यायचा दिवस असला की आमचा समुद्र अर्धा तास थांबतो. खालून हाक येते, "नळ आलाय रे!" आणि टेबलावरचे फासे, पात्रांचे कागद, अर्धवट राहिलेली लढाई तशीच टाकून पाचही जण उठतो. मोटार लावायची, पाइप जोडायचा, हौद भरायचा, मग टाकी. हात पुसत परत यायचं आणि विचारायचं, "हां, आपण किती खोल होतो?"

हे लातूर आहे. गेली दोन वर्षं इथं दर रविवारी टेबलावर, फासे टाकून खेळायच्या गोष्टीतलं एक जग चालतं, ज्यात वीतभरही कोरडी जमीन नाही.

[दृश्य: टेबल. वीस बाजूंचा फासा, स्टीलचे डबे, चहाचे ग्लास.]

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण गोष्ट चालवतो. आमच्यात त्याला मास्तर म्हणतात, आणि तो मी. बाकीचे एकेक पात्र घेतात. समोर काय आहे ते मी सांगतो, काय करायचं ते ते सांगतात, जमलं की फसलं ते फासा सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापला गेला, तिथून हा प्रकार जगभर गेला. आमच्यापर्यंत तो मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आला. फाशांचा पहिला संच वर्गणी काढून मागवला होता.

खेळाडू चौघं. एक कंत्राटी लाइनमन. एक नीटचा तिसरा प्रयत्न देणारी. एक जण आडत दुकानात हिशेब लिहितो. आणि माझी मावसबहीण, जी औशाहून बसनं येते आणि उशिरा आल्याबद्दल कधीही माफी मागत नाही.

सगळे विचारतात, पाणीच का?

[दृश्य: रेल्वेचे रूळ. रिकामा फलाट.]

२०१६ साली मी नववीत होतो. लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये कलम १४४ लागू झालं होतं. म्हणजे हंडा घेऊन पाचाहून जास्त जण एकत्र उभे राहिले तरी गुन्हा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर, एकूण ५ लाख. मी ती बघायला गेलो होतो. दिसलं काहीच नाही. आत पाणी असलेल्या बंद टाक्या बाहेरून रिकाम्या टाक्यांसारख्याच दिसतात.

त्या उन्हाळ्यात मी वहीच्या मागच्या पानावर एक शहर काढलं. पूर्ण बुडालेलं. माशांसकट.

[दृश्य: चौकटी आखलेला जुना नकाशा. त्यावर चहाचा डाग.]

तेच शहर घेऊन पहिली बैठक घेतली आणि ती पार फसली. तटबंदी काढली होती, मोठा दरवाजा, दोन पहारेकरी. लाइनमननं नकाशाकडं बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, आपण पोहायलोत ना? मग दारातून कशाला जायलोत? वरून जाऊ की."

माझा तीन रात्रींचा अभ्यास एका वाक्यात बुडाला. खड्ड्याचे सापळे ठेवले होते, पण पाण्यात खड्ड्यात पडतो कोण? जिने काढले होते, पण जिना कुणाला लागतो? मी रस्त्यावरचंच गाव घेतलं होतं आणि वरून पाणी ओतलं होतं. दिवसभर खांबावर असणाऱ्या माणसाला ते लगेच दिसलं. मला दिसलं नव्हतं.

उपाय सापडला विहिरीत. आम्ही सगळे पोहायला शिकलो ते गावच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. आणि विहिरीची लांबी-रुंदी कुणी विचारत नाही. "किती परस?" एवढंच विचारतात. परस म्हणजे माणसाच्या उंचीवरून आलेलं खोलीचं माप. तेच घेतलं. नकाशा आडवा राहिला, पण प्रत्येक सोंगटीखाली डबा, वाटी, काड्याची पेटी ठेवून तिची उंची दाखवायची. पुढं डबे घरंगळायला लागले, सोंगट्या चहात पडल्या, तेव्हा तीनच थर ठेवले: वरचं, मधलं, तळ. तीन पुरतात. कुणी सहा थर सुचवले तर हात जोडा.

[दृश्य: विहीर. एक पोरगा मुटका मारतो. पाण्याखालून कॅमेरा.]

आता पाणी म्हणजे काय, ते नीट बघू. हवेच्या मानानं ते सुमारे ८०० पट दाट आहे. विहिरीत उतरून काठी आडवी फिरवून बघा, हात दुखेल. तीच काठी सरळ खुपसा, जाते. म्हणून या खेळाच्या नियमांतही पाण्याखाली भाला, त्रिशूळ, खंजीर नीट चालतात आणि लांब तलवारीचा आडवा वार अडखळतो. बाणाला पल्ला राहत नाही. आगीची धग निम्म्यावर येते. हे सगळं पुस्तकात आहे. पण काठी फिरवून बघितल्यावर ते पाठ करावं लागत नाही.

रंगाचं मात्र पुस्तकात नव्हतं. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. निळा सगळ्यात खोल जातो. वीस-तीस मीटर खाली जखम झाली तर रक्त लाल दिसत नाही, हिरवट काळं दिसतं. पहिल्यांदा हे टेबलावर सांगितलं तेव्हा नीटवाली मुलगी फासा हातात धरून तशीच बसली. "म्हणजे मला लागलंय हे मला कळणारच नाही?" हा प्रश्न मी अजून तीन बैठकांना पुरवला.

आणि आवाज. पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीनं जास्त. तो दोन्ही कानांवर इतक्या जवळजवळ एकाच वेळी पडतो की कुठून आला ते माणसाच्या कानाला उमगत नाही. म्हणून मी सांगतो, "काहीतरी ओढत नेल्याचा आवाज आला." "कुठून?" "आला." बस्स. राक्षस दाखवायची गरजच पडत नाही.

श्वासाबद्दल माझं मत ठाम आहे. असं जग चालवायला बसलेले नवे मास्तर पहिल्या दिवसापासून श्वास मोजायला लावतात. किती मिनिटं धरला, किती उरला, कोणता मंत्र किती वेळ टिकतो. तिसऱ्या रविवारी कंटाळा येतो. श्वास मोजणं हे पाहुण्याचं काम. आमची पात्रं तिथंच जन्मलेली आहेत, त्यांना पाणी ओढायचं कळतं.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवर. चहा. पाण्याखाली चहा कसा प्यायचा? कपातला चहा आणि बाहेरचा समुद्र, यांत भिंत कुठली? एक आख्खी दुपार गेली यात. निकाल लागला नाही. त्या जगात चहा नाही, एवढं ठरलं, आणि मावसबहीण म्हणाली की मग असल्या जगात राहायचं कशाला.

[दृश्य: आडत बाजार. पोत्यांची थप्पी, तोलकाटा.]

खरं वळण हिशेबवाल्यानं आणलं. तो फारसं बोलत नाही. एका रविवारी बोलला, "मास्तर, इथं भाव कशाला आहे? पाणी तर फुकट. मग महाग काय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. सोन्याची नाणी ठेवली होती, सवयीनं. सोनं तिथं काय कामाचं?

मग वाचत बसलो. समुद्रात उजेड कामाचा असतो तो साधारण २०० मीटरपर्यंत. १००० मीटरच्या खाली सूर्य पोचतच नाही. तिथल्या बहुतेक जिवांचं पोट वरून झिरपणाऱ्या कणांवर चालतं. मेलेले सूक्ष्म जीव, विष्ठा, कुजका चुरा, सतत, हळूहळू, बर्फासारखा खाली येत राहतो. त्याला सागरी हिम म्हणतात. मी ते टेबलावर सांगितलं आणि लाइनमन लगेच म्हणाला, "म्हणजे पाऊसच की."

झालं. खालच्या थरातली गावं त्या पावसावर जगतात. जाळी पसरून तो धरतात. यंदा वरच्यांनी वरच अडवला. गेट बंद. पुढचं मला सांगावंच लागलं नाही. वरच्या धरणातून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, यावर पाऊस कमी झाला की काय होतं ते इथं शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

१९७७ साली पॅसिफिक महासागरात, गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे २,५०० मीटर खोल, तळातून गरम पाण्याचे झरे सापडले. भोवती जीव गजबजलेले, आणि त्यांचं पोट सूर्यावर नाही, झऱ्यातून येणाऱ्या रसायनांवर. ती आमच्या जगातली बागायत.

एक गोष्ट मात्र बदलावी लागली. प्रवाहांच्या मालकिणी म्हणून मी साती आसरा, पाण्यातल्या सात देवी, घेतल्या होत्या. विहिरीकाठी शेंदूर लावलेले सात दगड, हिरव्या बांगड्या, ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल. आज्जीच्या कानावर गेलं. "खेळात घेऊ नको रे बाबा त्यांना. उन्हाळ्यात पोरं पोहायला जातात." मी नावं बदलली. यावर वाद घातला नाही.

[दृश्य: नळदुर्ग. बोरी नदीवरचा बंधारा, भिंतीवरून कोसळणारं पाणी.]

आणि खजिना? तो नळदुर्गला मिळाला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, धाराशिव जिल्ह्यात. किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीतला दगडी बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात डोक्यावरून नदी कोसळते आणि आत माणूस खिडकीशी कोरडा उभा असतो. पाचही जण तिथं गेलो होतो. कोणीच काही बोलत नव्हतं, आणि बोललो असतो तरी ऐकू आलं नसतं.

परतताना जीपमध्ये हिशेबवाला म्हणाला, "कोरडी खोली. ती महाग असंल."

[दृश्य: रात्र. टेबलावर एकच दिवा. सगळ्यात खालच्या थरात चार सोंगट्या.]

गेल्या रविवारी ते तिथं पोचले. तळावर, दहा परस गाळाखाली, हवेनं भरलेली एक दगडी खोली. त्यांच्या जगात अशी दुसरी नाही. लाइनमनच्या पात्राच्या हातून भाला निसटला आणि मी सांगितलं, "खाली पडला. आवाज झाला." चौघंही दचकले. दोन वर्षांत त्यांच्या हातून काही खाली पडलं नव्हतं. सगळं तरंगायचं.

मग लक्षात आलं, त्यांना इथं श्वास घेता येत नाही. इथं पाहुणे ते. आत राहायचं तर पाणी सोबत आणावं लागणार, आणि पुरवून वापरावं लागणार. मी हे ठरवून आणलं नव्हतं, शप्पथ. मावसबहीण म्हणाली, "घागरी भरून घेऊ." भरल्या. चार. हिशेबवाल्यानं कागदावर चार रेघा ओढल्या.

कोपऱ्यात लाखेनं बंद केलेला रांजण. आत जुने नकाशे असायचे होते. पण सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते आणि मी बोलून गेलो, "ज्वारीचं पीठ."

नीटवाली म्हणाली, "इथं आग पेटंल?"

पेटेल.

"मग मी भाकरी करते."

"पीठ मळायला पाणी लागतं," हिशेबवाला म्हणाला. बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. "अर्धी घागर. जास्त नाही."

तिनं फासा टाकला. ४.

भाकरी करपली. चौघांत वाटून खाल्ली, आणि त्यानं एक रेघ अर्धी खोडली.