श्रावणात रंधा नको

(पहाट. पावसाची रिपरिप. वाड्याचं दार कुणीतरी आतून ओढतंय.)

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं हे सागवानी दार दर आषाढात असंच अडून बसायचं. एक पाय चौकटीला लावून कडी ओढली, की कुरकुरत सुटायचं.

लाकूड शंभर वर्षांचं झालं तरी हवेतली ओल घेतं आणि उन्हाळ्यात सोडतं. लांबीत ते जवळजवळ वाढतच नाही, वाढतं रेषांना आडवं. म्हणून उभ्या फळ्यांचं दार उंचीला तेवढंच राहतं, पण तीन फूट रुंदीचं असलं तर पावसाळ्यात चार-पाच मिलिमीटर सहज पसरतं.

एका श्रावणात घरच्यांनी मिस्त्रीकडून रंध्याने कड तासून घेतली. दार त्याच दिवशी बोटाने फिरू लागलं. मे महिना आला आणि त्या फटीतून रस्त्यावरच्या रिक्षा दिसू लागल्या! मग तिथे पट्टी ठोकावी लागली. ती अजून तशीच आहे, पाहा.

(पट्टी, जवळून.)

रंध्याआधी बिजागऱ्या बघा. वरचे स्क्रू ढिले झाले की दार लोंबतं, वर चौकटीला आणि खाली उंबऱ्याला कोपऱ्यातच घासतं. तेव्हा दोष लाकडाचा नसतो. भोकात सरस लावलेली कामटी ठोकून स्क्रू नव्याने आवळायचा. फुगलेलं दार मात्र कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत घासतं. चौकटीला रंगीत खडू चोळून दार लावा, घासणाऱ्या जागी तो उमटेल. तिथे पेन्सिलीची खूण करा, मेणबत्ती चोळा आणि थांबा. रंधा दिवाळीनंतर, लाकूड वाळल्यावर, तोही अगदी हलका.

आणि दाराची खालची कड! ती कुणी रंगवतच नाही. फळीची टोकं म्हणजे बारीक नळ्यांची उघडी तोंडं. ओल सर्वांत भराभर तिथूनच चढते. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून मला ही कड जास्तच डाचते. ओल्या दारावर घाईने रंग चढवला तर ओल आतच कोंडते, हेही सांगून ठेवते.

यंदा एप्रिलमध्ये आम्ही दार उतरवलं, आडवं टाकलं आणि खालच्या-वरच्या कडांना उकळलेलं अळशीचं तेल दिलं. पहिला हात लाकडाने बघता बघता पिऊन टाकला. दुसरा चार दिवसांनी, पहिला वाळल्यावर.

(पाऊस. तेच दार. कडी.)

घासतं अजूनही. पण पाय लावावा लागत नाही.