अंगणातली वाम आणि सोलापूरचं पाणी

(दृश्य: शेवग्याच्या सावलीत ताडपत्रीची गोल टाकी. वर जाळी. पाण्यात पीव्हीसी पाइपांचे तुकडे.)

या टाकीत वामी, म्हणजे सापासारखे लांबट गोड्या पाण्यातले मासे आहेत, पण दिवसाउजेडी एकही दिसणार नाही. सगळ्या पाइपांच्या तुकड्यांत शिरून बसल्यात. फार तर एखादं सोंडेसारखं टोकदार तोंड बाहेर आलेलं दिसेल. वाम रात्री फिरते, रात्रीच खाते. दिवसा लपायला जागा नसेल तर ती खाणं सोडते. म्हणून दीड-दोन इंची पाइपाचे फूट-दीड फूट लांबीचे तुकडे, माशांच्या संख्येपेक्षा जरा जास्तच. पाइप करवतीने कापला की कडा धारदार राहते. ती पॉलिश पेपरने घासल्याशिवाय पाण्यात टाकायची नाही.

(दृश्य: ओल्या फडक्यात धरलेली वाम. पाठ जवळून.)

पाठीवर बघा. पंखाच्या पुढे सुट्या काट्यांची रांग आहे, तीसच्या वर काटे. मुठीत घट्ट आवळली की वाम मागे सरकते आणि हे काटे तळहातात घुसतात. धरायला सुती फडकं घ्यायचं, तेही ओलं करून. कोरड्या फडक्याने अंगावरचा चिकट थर निघून जातो आणि त्या जागी पांढरी बुरशी धरते.

(दृश्य: भीमेचं पात्र, बंधारा, पुढे नकाशा.)

वामीसारखाच लांबट दिसणारा अहिर, म्हणजे खरा ईल मासा, वेगळ्या कुळातला. त्याच्या पाठीवर काटे नसतात, अंग गुळगुळीत असतं आणि कल्ल्यामागे पंखांची जोडी असते. तो अंडी समुद्रात घालतो आणि पिलं नदीतून वर चढत येतात. आपली भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते. तिथून बंगालच्या उपसागरापर्यंत जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज आडवे आहेत. एवढ्या भिंती ओलांडून पिलू सोलापुरापर्यंत येणार कसं? हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवून पिलं तयार करतात तिथून, आणावं म्हटलं तर तीही वाट बंद आहे. जपानमध्ये २०१० साली शास्त्रज्ञांनी तिथल्या ईल माशाचं अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचं चक्र प्रयोगशाळेत पूर्ण केलं. तरीही जगभरातले ईलचे व्यवसाय आजही निसर्गातून पकडलेल्या पिलांवर चालतात. म्हणून कोणी अहिराचं ‘हॅचरीचं बीज’ देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

वाम मात्र नदीतच जन्मते आणि नदीतच मोठी होते. अंगणातल्या टाकीसाठी म्हणूनच ती घ्यायची. पण रोहू-कटल्याची बोटुकली मिळते तशी वामीची सहज मिळत नाही. नदीतून, धरणातून धरलेली पिलं विकत मिळतात, आणि त्यातली गळाने धरलेली बरीच असतात. तोंडात गळाची जखम असलेलं पिलू टाकीत टिकत नाही. पिंजऱ्यात किंवा सापळ्यात धरलेलं, शेपटीला चट्टा नसलेलं, हात लावताच वळवळणारं पिलूच घ्या. आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या टपात ठेवा. या काळात लिटरला ३ ग्रॅम खडे मीठ घातलं तर बुरशी आणि बरेचसे बाहेरचे परजीवी आटोक्यात राहतात.

(दृश्य: चाचणीची काचेची नळी. पिवळं पाणी हिरवं होतं.)

आता खरा विषय. हा हिरवा रंग अमोनियाचा, म्हणजे माशाच्या खाण्यातून पाण्यात उतरणाऱ्या विषाचा आहे, आणि वाम विकत घेण्याआधी घरात हा संच असायलाच हवा. पंप, टाकी, पिलं सगळं नंतर.

समोरच्या टाकीचा व्यास २ मीटर आणि पाण्याची खोली ८० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे २५०० लिटर पाणी. त्यात ५ किलो वाम असेल आणि वजनाच्या २ टक्के खाद्य दिलं, तर रोजचं खाद्य १०० ग्रॅम. त्यात ४५ टक्के प्रथिनं असतात, त्यातून दिवसाला साधारण ४ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात उतरतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून जास्त, आणि तेही एका दिवसात.

यातला किती भाग विषारी, हे पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) आणि तापमान ठरवतं. ३० अंशाला पीएच ७ असेल तर शंभरातला एक भागही विषारी नसतो. पीएच ८ झाला की साडेसात भाग. साडेआठला तर वीस भाग. सोलापूरच्या बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं, जड असतं, पीएच आठच्या पुढे सहज जातो. त्यात आपला उन्हाळा. कोकणातल्या मऊ पाण्यावर जी टाकी निभावते, तीच टाकी तेवढ्याच खाद्यावर इथे मासे मारते. मग दोष बीजाला दिला जातो.

पीएच उतरवायला व्हिनेगर, लिंबू किंवा ॲसिड ओतू नका. जड पाणी दोन दिवसांत परत वर येतं आणि या वरखाली होण्याने मासा जास्त थकतो. उपाय छपरावर आहे.

(दृश्य: पन्हळीतून पिंपात पडणारं पावसाचं पाणी.)

सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ५० चौरस मीटर छत असेल आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तरी २२ हजार लिटर पाणी हाती येतं. ते बोअरच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. निव्वळ पावसाचं पाणी मात्र नको, कारण फिल्टरमधले जिवाणू अमोनिया पचवताना पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल सोसण्याची ताकद, खातात. क्षारता लिटरला १०० मिलिग्रॅमच्या खाली गेली की त्यांचं काम मंदावतं. नळाचं पाणी वापरणार असाल तर ते एक दिवस उघडं ठेवून हवा द्या. घाई असेल तर १००० लिटरला ७ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट घाला. पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर तेवढं पुरतं.

(दृश्य: दोन निळी पिंपं, पाइप जोडणी, पंप सुरू.)

ही फिल्टरची जोडी. पहिल्या २०० लिटरच्या पिंपात पाणी संथ फिरतं आणि गाळ तळाशी बसतो. तळाचा व्हॉल्व्ह रोज उघडायचा, एक बादली काळं पाणी सोडून द्यायचं. दुसऱ्या पिंपात जिवाणूंचं घर. तिथे नायलॉनच्या जुन्या जाळीचे तुकडे आणि प्लॅस्टिकची झाकणं चालतात. सोलापुरात चादरी-टॉवेलच्या कारखान्यांमुळे चिंध्यांची कमी नाही, पण सुती चिंधी पाण्यात कुजते आणि फिल्टरच घाण करते. ती घालू नका. पंप तासाला २५०० लिटरचा, म्हणजे तासातून एकदा सगळं पाणी फिरलं पाहिजे.

जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. तोवर टाकीत मासा नको. टाकीत शुद्ध नवसागर (अमोनियम क्लोराइड) २० ग्रॅम घाला, त्याने या आकारात लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया तयार होतो. रोज मोजत राहा. आधी अमोनिया उतरतो आणि जिवाणूंनी त्यापासून बनवलेलं नायट्राइट चढतं, तेही विषारीच, मग नायट्राइटही उतरतं. पूर्ण डोस एका दिवसात शून्यावर आला, नायट्राइटही शून्य, की फिल्टर तयार. कल्हईसाठी मिळणाऱ्या नवसागरात भेसळ असते, शुद्ध मागून घ्या. पुढे कधी नायट्राइट दिसलंच तर खाद्य थांबवा आणि १००० लिटरला १ किलो खडे मीठ घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला माशाच्या रक्तात जाण्यापासून अडवतो.

(दृश्य: मे महिन्याची दुपार. ओली पोती, हिरवी शेडनेट.)

पारा चाळिशीच्या पुढे आहे. टाकीतलं पाणी ३१ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. ७५ टक्के सावलीची शेडनेट, भिंतीभोवती ओली पोती, आणि जमल्यास टाकी निम्मी जमिनीत. मात्र काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते, त्याने टाकी कलते. म्हणून खाली १५ सेंटीमीटर मुरूम दाबून घ्यायचा.

उन्हाळ्यात उघड्या टाकीतून रोज सेंटीमीटरभर पाणी उडतं, या आकारात ३० लिटर. पाणी उडतं पण क्षार उडत नाहीत. रोज फक्त भर घालत राहिलं तर अडीच-तीन महिन्यांत क्षार दुप्पट होतात. त्यामुळे आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून बदलायचंच. काढलेलं पाणी लिंबाला, शेवग्याला उत्तम. मीठ घातलेलं असेल तेव्हा मात्र काळ्या जमिनीत ते सोडू नका, त्या आठवड्यात ते गटारात गेलेलं बरं.

(दृश्य: बॅटरी, इन्व्हर्टर, बुडबुडे.)

पाणी २० अंशांचं असताना लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात मध्यरात्री वीज गेली तर हवेचा पंप बंद पडतो. १५० ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीवर ६० वॅटचा पंप रात्र काढतो. फिल्टरचा पंप थोडा वेळ थांबला तर चालेल, हवा थांबून चालत नाही.

(दृश्य: रात्र, लाल दिवा. भिंतीला चिकटून वर सरकणारी वाम.)

हे बघा. ओल्या भिंतीला धरून ती वर येते. पावसाळ्यात, नवीन पाणी पडताना हमखास. पाण्यावर ४० सेंटीमीटर कोरडी भिंत, कडेला आत वळलेली पट्टी आणि वर घट्ट बांधलेली जाळी लागते. पाइप ताडपत्रीतून बाहेर पडतो तिथली फट करंगळीएवढी असली तरी पुरते. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाला स्टीलची जाळी लावा, प्लॅस्टिकची लवकर फाटते.

(दृश्य: परातीत मळलेलं खाद्य. संध्याकाळ.)

कटल्याचं तरंगतं खाद्य वाम तोंडात धरून थुंकते. पहिला आठवडा जिवंत गांडुळं द्या, एक दिवस ओल्या पोत्यात ठेवून पोट रिकामं झालेली. दुसऱ्या आठवड्यापासून गांडुळं चिरून पिठात मिसळायची आणि महिन्याभरात ती कमी करत न्यायची. एक किलो कोरड्या मिश्रणाला फिशमील ६५० ग्रॅम, सोयापेंड १५०, साबुदाण्याचं पीठ शिजवून १५०, माशाचं तेल ३०, व्हिटॅमिन-मिनरल २०. चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. बाजारची सुकट वापरत असाल तर आधी धुऊन मीठ काढा. अंधार पडताना ताटलीत ठेवा आणि तासाने उरलेलं उचला. पाणी ३२ अंशांवर गेलं किंवा डिसेंबरात २० च्या खाली आलं तर खाद्य निम्मं करा.

बाजारभाव हंगामागणिक बदलतो, आणि २५०० लिटरमध्ये घरखर्च निघत नाही. नदीतली पिलं उपसून टाक्या भरल्या तर नदीत वाम उरणार नाही.

(दृश्य: टाकी निम्मी उपसलेली. पाइप एकेक उचलून टपात रिकामे होतात. मोजपट्टी, वजनकाटा.)

दर सहा आठवड्यांनी ही वर्गवारी. एकाच दिवशी सोडलेल्या पिलांत एक दुप्पट होतं, दुसरं तिथेच राहतं, आणि मोठं लहानाची शेपटी तोडतं. आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवायचं. पाइपाची दोन्ही तोंडं तळव्यांनी झाकून उचलायचा आणि टपात तिरका करायचा, म्हणजे जाळं लागत नाही. मोठ्या वामी एका टपात, मधल्या दुसऱ्या, लहान तिसऱ्या. तिन्ही गटांचं वजन वहीत लिहून घ्यायचं, कारण उद्यापासूनचं खाद्य त्याच आकड्यावर मोजायचं आहे. लहान गटाला वजनाच्या ४ टक्के, मोठ्याला दीड.