शेवटच्या डावाचा माणूस

नमस्कार, श्रोतेहो. बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही, पण ‘कटर’ हा शब्द क्रिकेटवाल्यांना नवा नाही. त्या एका चेंडूवर ज्यानं कारकीर्द उभी केली, त्या मारियानो रिवेराची ही गोष्ट.

बेसबॉलमध्ये डाव नऊ. सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दमला की राखीव येतात आणि थोडक्या धावांची आघाडी राखायला अगदी शेवटी येतो तो क्लोजर. आघाडी टिकली की त्याच्या खात्यात एक ‘सेव्ह’. रिवेराच्या खात्यात 652 आहेत. एवढे आजवर कोणाचेच नाहीत.

मूळचा तो पनामातल्या पुएर्तो काइमितो या मासेमारांच्या गावचा. वडील बोटीवर कप्तान. लहानपणी त्याचा ग्लोव्ह म्हणजे दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा. 1990 मध्ये न्यूयॉर्क यांकीजनं त्याला करारबद्ध केलं, 1995 मध्ये तो मुख्य संघात आला.

कटर मात्र त्यानं शोधलेला नाही, गंमत तीच! 1997 च्या जूनमध्ये संघातल्याच रामिरो मेंडोसाबरोबर नुसती फेकाफेकी चालली होती आणि याचा सरळ टाकलेला चेंडू ऐनवेळी वळायला लागला. तो सरळ करायची खटपट झाली. चेंडू काही ऐकेना. मग म्हणाले, राहू दे. डावखुऱ्या फलंदाजाच्या तो थेट मुठीजवळ घुसायचा आणि बॅट मोडायची. काय येणार हे ठाऊक असूनही मोडायची. 2013 मध्ये, निवृत्तीच्या वर्षी, मिनेसोटाच्या संघानं त्याला निरोपाची भेट दिली ती मोडक्या बॅटींची डुलती खुर्ची.

पण 2001 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका. सातवा सामना, नववा डाव, यांकीज एका धावेनं पुढे. रिवेराची स्वतःचीच क्षेत्ररक्षणातली एक फेक चुकली, बरोबरी झाली आणि मग लुइस गोन्झालेझचा दांड्याजवळ लागलेला, जेमतेम उडालेला फटका आत सरकलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून पडला. अ‍ॅरिझोना जिंकलं. मला विचाराल तर कटरनं आपलं काम चोख केलं होतं.

2019 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी, त्याला 425 पैकी 425 मतं पडली. असं त्याआधी कोणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

यांकी स्टेडियमवरचा त्याचा शेवटचा सामना 26 सप्टेंबर 2013 चा. यांकीज हरत होते, म्हणजे राखायला आघाडीच नव्हती. चेंडू काढून घ्यायला प्रशिक्षकाऐवजी जुने सोबती जीटर आणि पेटिट चालत आले. रिवेरा पेटिटच्या खांद्यावर रडला. सामना संपल्यावर तो पुन्हा पिचर उभा राहतो त्या टेकाडावर गेला आणि मूठभर माती उचलून घेतली.