पहिल्या दिवशी आठ तास?

(दृश्य: ठाणे पश्चिम, गोखले रोड. मोबाइलच्या दुकानात नव्या फोनच्या खोक्याचं सील फुटतंय.)

फोन खोक्यातून निघाला, सुरू झाला, बॅटरी अर्ध्याच्या आसपास. बिल बनवता बनवता काउंटरवरून सल्ला येतो, "घरी गेल्यावर आधी आठ तास चार्जिंगला लावा, मगच वापरा." मागे थांबलेले काका मान डोलावतात.

एके काळी हे बरोबर होतं. १९९०च्या दशकात बऱ्याच मोबाइलमध्ये निकेलच्या बॅटऱ्या असायच्या. पहिलं चार्जिंग लांबलचक करावं लागायचं, आणि निकेल-कॅडमियमची बॅटरी अधूनमधून पूर्ण उतरवलेली बरी असायची. पण सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. पुढे ती प्रत्येक खिशात पोहोचली. तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. काउंटरवरचा सल्ला मात्र निकेलच्याच काळात राहिला.

तेव्हा नवा फोन सरळ वापरायला घ्या. वाटेल तेव्हा, वाटेल तेवढा चार्ज करा.

(दृश्य: ठाणे स्टेशन, सकाळ. इथूनच सुटणारी लोकल फलाटाला लागते.)

चार्जिंग होतं म्हणजे लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. ठाणे लोकल भरते तसंच. सुरुवातीचे पटापट जागा पकडतात, नंतरच्यांना "जरा सरका" म्हणत तिघांच्या बाकावर चौथी सीट शोधावी लागते. म्हणून पहिले ५० टक्के झरझर होतात आणि शेवटचे २० रेंगाळतात. चार्जर बिघडलेला नसतो. फोन मुद्दाम करंट कमी करत जातो.

आता चार्जिंगची एक 'सायकल' म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० आणि उद्या ५० भरले, तर दोन दिवसांत एकच सायकल झाली. आयफोन १५ पासूनच्या बॅटरीत, आदर्श परिस्थितीत, १००० सायकलींनंतर ८० टक्के क्षमता उरावी असं ॲपल सांगते. त्याआधीच्या फोनसाठी हा आकडा ५०० होता. बॅटरी सतत काठोकाठ भरलेली राहिली की लवकर थकते, म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आता बऱ्याच फोनमध्ये आहे. ती चालू करा आणि विसरून जा. वेळेत चार्जर काढायला रात्री गजर लावून उठणारेही असतात. एवढा जाच कशाला?

(दृश्य: घोडबंदर रोड, मे महिन्यातली दुपार. हँडलवर फोन, फोनला वायर.)

खरा शत्रू हा. वर ऊन, मॅप चालू, स्क्रीन पूर्ण उजेडात, आणि त्यातच चार्जिंग. भोवतालचं तापमान ३५ अंशांच्या आत असावं, अशी ॲपलची शिफारस आहे. ठाण्यातल्या उन्हाळ्यात ती सावलीतही पाळता येत नाही, मग हँडलवर काय पाळणार? तापलेल्या बॅटरीत नको त्या रासायनिक क्रिया वाढतात, आणि त्यात गेलेली क्षमता परत येत नाही. उशीखाली चार्जिंगला ठेवलेल्या फोनचंही तेच.

(दृश्य: स्टेशनजवळच्या गल्लीतलं दुरुस्तीचं टेबल. क्लोज-अप.)

"दादा, डिलिव्हरीचं काम का?" कारागीर फोन हातात घेताच विचारतो. स्क्रीन एका कडेने उचलली गेलीय. आत वायू धरून बॅटरीचं पाकीट फुगलंय. फोनची पाठ गरम केली की गोंद सैल होतो. मग प्लास्टिकची पातळ पट्टी कडेकडेने सरकते. आत बॅटरीशी हात आणखी हळू. धातूचं हत्यार इथे चालत नाही. पाकिटाला भोक पडलं तर आत शॉर्ट होऊन बॅटरी पेट घेऊ शकते. घरी टाचणी लावून 'हवा काढायचा' विचारही करू नका.

नवी बॅटरी बसवण्याआधी तिच्यावरचा मजकूर वाचा. आयएस १६०४६ हे बॅटरीच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे. कुणी छापून घेतलं तर? शक्य आहे. पण ज्यावर तेही नाही, ती स्वस्त म्हणून घेऊच नये.

"जुनी घरी नेऊ?"

"नको, इथेच राहू द्या."

२०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यावर प्रक्रिया करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपण फक्त ती घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. घंटागाडीत गेलेली बॅटरी पुढे कचरा दाबताना चिरडते, आणि गाडीला आग लागायला तेवढं पुरतं.