मटकीला मोड येईपर्यंत

(दृश्य: रात्र. पितळी पातेलं. मटकी पाण्यात पडताना जवळून.)

रात्रीचे साडेआठ वाजलेत. माण तालुक्यातल्या या घरात परवाच्या जेवणाची तयारी आत्ता सुरू झाली आहे. प्रतिकारशक्ती म्हटली की अनेकांना काढा आठवतो. पण ती घडते अशाच रोजच्या साध्या कामांतून.

एक वाटी मटकी. निवडलेली, दोन पाण्यांनी धुतलेली. वर तीन वाट्या पाणी, कारण दाणे भिजून दुप्पट फुगतात आणि पाणी कमी पडलं की वरचा थर कोरडाच राहतो. आठ ते दहा तास पुरे. उन्हाळ्यात त्याहून जास्त वेळ ठेवली, तर पाण्यावर फेस येतो आणि मटकी आंबते.

(दृश्य: सकाळ. रोळीत मटकी निथळताना. आजींची बोटं दाणे चाचपताना.)

आजी शोधतायत ते गणंग. रात्रभर पाण्यात राहूनही न भिजलेले, खड्यासारखे टणक दाणे. ते काढून टाकायचे, नाहीतर जेवताना दाताखाली येतात. मग दहा मिनिटं मटकी नुसती निथळू द्यायची. इथे घाई झाली की काम बिघडतं. खाली पाणी साचलं, की त्या दाण्यांना हवा मिळत नाही, मोड येण्याऐवजी ते बुळबुळीत होतात आणि वास मारायला लागतात.

(दृश्य: फडकं पिळताना. पुरचुंडीची गाठ. पातेल्यावर झाकण.)

फडकं सुती, धुवट, ओलं करून घट्ट पिळलेलं. गाठ सैल, दाण्यांना वाढायला जागा राहील इतकी. उन्हाळ्यात बारा-चौदा तासांत मोड दिसतात, थंडीत चोवीस तासही लागतात. मध्ये एकदा फडकं चाचपायचं. कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मारायचा.

या अंधाऱ्या पुरचुंडीत काय घडतंय, ते कॅमेऱ्याला दिसत नाही. कोरड्या कडधान्यात लोह असतं, जस्तही असतं. पण फायटिक आम्ल नावाचा घटक त्यांना धरून ठेवतो आणि आपल्या आतड्यांना ती नीट शोषू देत नाही. दाण्याला अंकुर फुटायला लागला, की त्याच्यातलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, हे आम्ल फोडू लागतं. कोरड्या दाण्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्वही मोडांबरोबर थोडं तयार होतं.

जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना गरज पडली, की झपाट्यानं आपली संख्या वाढवावी लागते. त्यासाठी त्यांना लोह, जस्त आणि प्रथिनं लागतात. घरातल्या बाईच्या अंगात लोहच नसेल, तर काढ्याचा पेला तरी काय करणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं दिसलं.

(दृश्य: फोडणी. उसळ. वाफ.)

मोडाची मटकी कच्ची खाणं चांगलं, असं बरेच जण मानतात. पण ज्या दमट उबेत मोड येतात, त्याच उबेत जिवाणूही वाढतात. म्हणून वाफवून किंवा शिजवूनच खावी. लहान मुलं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं घरात असतील तर नक्कीच. शिजवताना खायचा सोडा घालायचा नाही. दाणे लवकर मऊ होतात खरे, पण ब-१ जीवनसत्त्व नासतं.

लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर, पानात वाढताना. क जीवनसत्त्व उष्णतेनं कमी होतं, आणि वनस्पतींतलं लोह रक्तात उतरायला त्याचीच मदत लागते. चौघांच्या उसळीला एक मोठं लिंबू पुरतं. लिंबू नसेल तेव्हा जेवणात पेरूच्या चार फोडी.

(दृश्य: जेवण आटोपलं आहे. चहाचं भांडं फळीवर पालथं.)

हे भांडं पालथंच आहे, ते बघा. चहातली तुरट द्रव्यं लोहाला बांधून टाकतात. जेवणासोबत कपभर चहा झाला, तर त्या जेवणातलं लोह निम्म्याहूनही कमी शोषलं जातं. चहा सोडा, असं कुणी म्हणत नाही. जेवणानंतर किमान तासभर थांबा. पहाटे उठून मोडाची उसळ करायची आणि वर लगेच चहा घ्यायचा, म्हणजे सगळी मेहनत त्या कपात ओतायची.

(दृश्य: अंगणवाडीचं आवार. दोन खांबांमध्ये टांगलेला पिवळा कॅन. मुलांची रांग.)

पाच लिटरचा रिकामा कॅन, दोरी, दोन काठ्या आणि एक खिळा. तापवलेल्या खिळ्यानं कॅनच्या पुढच्या बाजूला, वरून चार बोटं खाली एक भोक पाडलं आहे. आडव्या काठीवर कॅन लटकतो. झाकणातून ओवलेली दोरी खाली जमिनीजवळच्या काठीला बांधलेली. पायानं काठी दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार लागते. पाय काढला की कॅन सरळ होतो, धार थांबते. तोटीला हातच लावावा लागत नाही, म्हणजे एकाच्या हातावरची घाण दुसऱ्याच्या हाताला लागत नाही. पाणी टँकरचं असलं तरी पेलाभरात एका मुलाचे हात धुऊन होतात.

कॅन भोकाच्या खालपर्यंतच भरायचा. त्यावर पाणी गेलं, की कॅन दिवसभर गळत राहतो आणि दुपारी रिकामा सापडतो. झाकण घट्ट बसून आत हवा जाईनाशी झाली, की धार अडखळते. झाकणातलं दोरीचं भोक म्हणून थोडं मोठंच ठेवायचं. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत लटकवायची. पाण्यात पडून राहिली तर चिखल होते आणि मुलं तिला हात लावत नाहीत.

(दृश्य: छोटे हात, फेस. जवळून.)

वीस सेकंद. तळहात, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं. बहुतेकांकडून राहतो तो अंगठा. या मुलीनं तो दुसऱ्या मुठीत धरून फिरवला, ते पाहा. धुतलेले हात कोरडे करणंही तितकंच महत्त्वाचं, ओल्या हातांना जंतू लवकर चिकटतात. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या आतड्यांत अन्न नीट शोषलंच जात नाही. मग घरची उसळ कितीही चांगली असली तरी त्याच्या अंगी लागत नाही.

(दृश्य: अंगण. अकराचं ऊन. सुपात धान्य पाखडणं.)

ड जीवनसत्त्वासाठी कोवळं ऊन घ्या, असं सर्रास सांगितलं जातं. पण त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळच्या तिरप्या उन्हात फार थोडे असतात. ते मिळतात अकरानंतर. खिडकीच्या काचेतून तर ते आत येतच नाहीत. हात उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटांचं अंगणातलं काम झालं, की सावलीत यायचं.

(दृश्य: रात्र. ओसरीवर अंथरुणं.)

आणि झोप. अमेरिकेतल्या एका अभ्यासात १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले होते. सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत, सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून जास्त निघाली. मुलांच्या लसी वेळेवर हव्यात, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचं धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शनही. ते अनेक घरांत राहून जातं.

(दृश्य: दोरीवर फडकं. वारा.)

उसळ संपली तरी एक काम उरतं. पुरचुंडीचं फडकं उकळत्या पाण्यातून काढायचं. साबण लावायचा नाही, त्याचा वास पुढच्या मटकीला लागतो. कडक उन्हात वाळवून, घडी घालून ते कोरड्या डब्यात ठेवायचं. दमट राहिलं तर काळे ठिपके पडतात. असं फडकं पुन्हा मोडांसाठी वापरायचं नाही.